कळमन्याचा काटा, गादीवरचा लॅपटॉप: ब्लूटूथ सिरीयल जोडणीच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

संत्र्याच्या आंबिया बहाराची आवक जोरात सुरू आहे. मामांचा गाळा नागपूरच्या कळमना मार्केटात. बाहेर ओटा, ओट्यावर प्लॅटफॉर्म काटा, आत गादीवर मुनीमकाका आणि त्यांची वही. मापारी आकडा ओरडून सांगतो, मुनीमकाका लिहून घेतात. मधल्या जागेत हमालांचा गलका आणि मागे लागणाऱ्या गाड्यांचे हॉर्न. 'एकवीस तीनशे' की 'एकतीस तीनशे', हे त्या गोंगाटात नीट कळत नाही. ऐकण्यात चूक झाली की पैसे एकतर शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशोबाच्या पावतीतून) जातात, नाहीतर मामांच्या खिशातून. दोन्हींवरून होणारी वादावादी मी लहानपणापासून पाहत आले आहे.

काम असं ठरलं: काट्यावरचा आकडा थेट लॅपटॉपवर यावा आणि शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवलेल्या मोठ्या स्क्रीनवर त्याच वेळी दिसावा. वही चालूच राहील. मुनीमकाकांनी स्क्रीन पाहून लिहायचं.

तार ओढण्याचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. आरएस-२३२ ची, म्हणजे काट्याच्या जुन्या पद्धतीच्या सिरीयल पोर्टची, तार पंधरा मीटरपर्यंत आरामात चालते, अंतराची अडचण नव्हतीच. पण हा काटा एका जागी राहत नाही. गाडी जिथे लागेल तिकडे ओट्यावर सरकवतात, आणि खालून दिवसभर हातगाड्या जातात. तार एक आठवडाही टिकली नसती. वायफायवरून सिरीयल पाठवणारे मॉड्यूल मिळतात, पण त्यासाठी राउटर सतत चालू हवा आणि नेटवर्कची देखभाल हवी. काट्यापासून गादी सात-आठ मीटरवर. एवढ्या कामाला ब्लूटूथचा सिरीयल पोर्ट प्रोफाइल (तारेऐवजी हवेतून सिरीयल डेटा नेण्याची ठरलेली पद्धत) पुरेसा आहे. जुना आहे, साधा आहे आणि लिनक्समध्ये कमांड लाइनवरून पूर्ण हातात येतो.

लॅपटॉप जुनाच, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स. काट्याच्या बाजूला एका डबीत एचसी-०५ हे छोटं ब्लूटूथ मॉड्यूल. कमांडची नावं या नोंदींत उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना अर्थात रोमन लिपीत.

१० नोव्हेंबर

काट्याच्या मागे नऊ पिनांचं सिरीयल पोर्ट आहे, त्यावर धूळ साचलेली. बाजूला वैधमापन विभागाचं सील. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन दर बारा महिन्यांनी करून घ्यावं लागतं, आणि सील तुटलं की काटा वापरता येत नाही. म्हणून पहिला नियम हा, की काट्याचा एकही स्क्रू उघडायचा नाही. जे करायचं ते बाहेरच्या पोर्टवरून.

कोणत्या पिनवर डेटा बाहेर येतो हे मल्टीमीटरने पाहिलं. काळी वायर पिन ५ वर, ती जमीन (ग्राउंड). लाल वायर पिन ३ वर लावली तर जवळजवळ शून्य. पिन २ वर लावली आणि मीटरवर उणे सहा व्होल्टच्या आसपासचा आकडा थरथरू लागला. आरएस-२३२ मध्ये रिकामी लाइन ऋण व्होल्टवर असते आणि डेटा जाताना वरखाली होते. त्यामुळे ऋण आणि थरथरणारा आकडा दिसला की पाठवणारी पिन सापडली. फळांचं कॅरेट (क्रेट) न ठेवताही थरथर होती, म्हणजे काटा 'सतत पाठव' या सेटिंगवरच आहे. काम सोपं झालं.

एचसी-०५ ला मात्र हे व्होल्टेज थेट देऊन चालत नाही. त्याची आरएक्स, म्हणजे डेटा घेणारी, पिन ३.३ व्होल्टची. मधे व्होल्टेज जुळवून देणारी चिप, मॅक्स३२३२, हवीच. ती बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणली, सोबत ३.३ व्होल्टचा छोटा रेग्युलेटर.

एक गोष्ट मुद्दाम ठरवली. काट्याकडून मॉड्यूलकडे येणारी तार जोडायची, मॉड्यूलकडून काट्याकडे जाणारी तार जोडायचीच नाही. बऱ्याच काट्यांना सिरीयलवरून 'शून्य कर', 'टेअर कर' (रिकाम्या भांड्याचं वजन वजा कर) अशा आज्ञा देता येतात. आपल्याला काट्याकडून फक्त ऐकायचं आहे. उद्या कोणी शेतकरी विचारेल, 'लॅपटॉपवरून काटा हलवता येतो का?' तर त्याला सॉफ्टवेअर समजावत बसण्याऐवजी डबी उघडून दाखवता आलं पाहिजे की ती तार नाहीच.

१२ नोव्हेंबर

रात्री घरी मॉड्यूलची मांडणी केली. लॅपटॉपच्या यूएसबीला सीपी२१०२ चा यूएसबी-ते-सिरीयल कन्व्हर्टर, त्याला एचसी-०५. मॉड्यूलवरचं छोटं बटण दाबून धरलं आणि मग पॉवर दिली. दिवा दोन-दोन सेकंदांनी सावकाश लुकलुकायला लागला, म्हणजे एटी मोड (मॉड्यूलला आज्ञा देऊन सेटिंग बदलण्याचा मोड) मिळाला. नेहमीच्या मोडमध्ये तो भराभर लुकलुकतो, त्यामुळे दिव्याकडे पाहूनच कळतं.

या मोडचा वेग सेकंदाला ३८४०० बिट असा ठरलेला असतो, मॉड्यूलचा कामाचा वेग काहीही असो. आणि प्रत्येक आज्ञेच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड दोन्ही लागतात. पिकोकॉम या सिरीयल टर्मिनल प्रोग्रॅममध्ये 'ओमॅप सीआरसीआरएलएफ' हा पर्याय दिला की एंटर दाबल्यावर दोन्ही जातात. तो नसेल तर मॉड्यूल गप्प बसतं आणि माणूस तारा तपासत राहतो.

'एटी' टाइप केलं, 'ओके' आलं. मग नाव बदललं, पिन (पेअरिंगचा सांकेतिक क्रमांक) बदलला, भूमिका शून्य म्हणजे स्लेव्ह (समोरच्याने जोडणी सुरू करायची वाट पाहणारा) ठेवली. पिन कारखान्यातून येतो तो १२३४, आणि हे ज्याला माहीत नाही असा ब्लूटूथवाला माणूस सापडणार नाही. बाजारात असं मॉड्यूल मूळ पिनवर ठेवणं मला पटत नाही. नव्या फर्मवेअरमध्ये पिन अवतरणचिन्हांत द्यावा लागतो, नाहीतर एरर येते.

मॉड्यूलचा ब्लूटूथ पत्ता विचारल्यावर उत्तर तीन तुकड्यांत येतं: चार अंक, दोन अंक, सहा अंक, मधे कोलन. लिनक्सला तोच पत्ता दोन-दोन अंकांच्या सहा जोड्यांत हवा. तुकड्याच्या सुरुवातीला शून्य असलं तर मॉड्यूल ते गाळून टाकतं. त्यामुळे जोड्या पाडण्याआधी प्रत्येक तुकडा डावीकडून शून्यांनी भरून घ्यावा.

१४ नोव्हेंबर

वेगाचा घोळ. काट्याच्या मेन्यूत वेग २४०० दिसतो आणि एचसी-०५ च्या आज्ञेत सगळ्यात कमी वेग ४८००. मधे मायक्रोकंट्रोलर टाकून वेग बदलता आला असता, पण मला डबीत जितकं कमी तितकं बरं वाटतं. काट्याचा परवानाधारक दुरुस्तीवाला एरवीही येणार होता. त्याच्याकडूनच बाहेरच्या कीपॅडवरून सिरीयलचा वेग ९६०० करून घेतला. सील जसंच्या तसं. मॉड्यूललाही ९६००, एक स्टॉप बिट, पॅरिटी नाही. आज्ञेत त्या दोन्ही जागी शून्यच लिहायचं असतं.

हिशोब करून पाहिला. ९६०० वर एका बाइटला दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. काटा सेकंदाला साधारण दहा ओळी पाठवतो, एका ओळीत अठरा बाइट. म्हणजे १८० बाइट. भरपूर जागा आहे.

१६ नोव्हेंबर

आज लॅपटॉपच्या बाजूने काम. आधी 'आरएफकिल लिस्ट'. ब्लूटूथ 'सॉफ्ट ब्लॉक्ड' दाखवत होतं, 'आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ'ने मोकळं केलं. मग 'ब्लूटूथसीटीएल'मध्ये शिरून पॉवर ऑन, एजंट ऑन, डिफॉल्ट-एजंट, स्कॅन ऑन. एजंट आधी चालू करायलाच हवा. पिन विचारण्याचं काम तोच करतो, आणि तो नसला की पेअरिंग कारण न सांगता फसतं.

स्कॅनमध्ये गाळ्यातले फोन, कोणाचे तरी इअरबड, आणि त्यांत आपला काटा. पेअर, पिन, यशस्वी. ट्रस्टही दिलं. त्यानंतर जो येईल तो 'कनेक्ट' लिहितो, आणि तिथेच अडकतो. क्षणभर जोडल्यासारखं दिसतं, मग 'नॉट अव्हेलेबल' म्हणून तुटतं. यात काही बिघडलेलं नसतं. 'कनेक्ट' ही आज्ञा ब्लूटूथच्या डेमनला (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमला) सांगते की तुला माहीत असलेला प्रोफाइल उचल आणि जोड. हेडफोन, कीबोर्ड त्याला माहीत आहेत. सिरीयल पोर्टसाठी त्याच्याकडे कोणी नेमलेलंच नाही. आपल्याला डेमनकडून हवं होतं ते फक्त पेअरिंग, आणि ते झालं. पुढचं काम आरएफकॉमचं, म्हणजे ब्लूटूथवर सिरीयल पोर्टची नक्कल करणाऱ्या भागाचं.

माझ्या मते या सगळ्या विषयातली निम्मी डोकेदुखी इथे आहे. पेअर होणं, रेडिओची लिंक जुळणं, आरएफकॉमचं चॅनेल उघडणं, डिव्हाइस फाइल तयार होणं आणि सिरीयलचा वेग जुळणं या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. डेस्कटॉपवरचा निळा आयकन त्या सगळ्यांना मिळून एकच 'कनेक्टेड' म्हणतो किंवा म्हणत नाही. कमांड लाइनवर प्रत्येकीला वेगळं विचारता येतं. म्हणूनच मी हे काम खिडक्या-बटणांतून करत नाही.

१७ नोव्हेंबर

आधी चॅनेल कोणतं ते विचारलं: 'एसडीपीटूल ब्राउझ' आणि पुढे पत्ता. उत्तरात सिरीयल पोर्ट, हेक्स ११०१, चॅनेल १. आरएफकॉममध्ये १ ते ३० चॅनेल असू शकतात. एचसी-०५ वर ते १ असतं, तरी विचारून घ्यावं, कारण चुकीच्या चॅनेलवर गेलं की 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं आणि लोक पिनला दोष देतात.

मग 'सुडो आरएफकॉम बाइंड ० पत्ता १'. काहीच छापून आलं नाही, प्रॉम्प्ट परत. 'डेव्ह' फोल्डरमध्ये आरएफकॉम० फाइल हजर. नुसतं 'आरएफकॉम' लिहिलं तर त्या ओळीच्या शेवटी 'क्लीन'. बाइंडने जोडणी होत नाही, फक्त नाव लावलं जातं. खरी जोडणी कोणी ती फाइल उघडेल तेव्हा. 'कॅट' लावलं, दोन सेकंद शांतता, मॉड्यूलचा दिवा बदलला, आणि मग ओळींमागून ओळी धावू लागल्या:

एसटी, जीएस, अधिक, ००२१.३० केजी.

मापाऱ्याने कॅरेटवर हात ठेवला. 'एसटी'चं 'यूएस' झालं आणि आकडे उड्या मारू लागले. हात काढला, दोन-तीन ओळींत पुन्हा 'एसटी'. पहिली दोन अक्षरं सांगतात काटा स्थिर आहे की हलतोय. मामा मागे येऊन उभे राहिले. 'काहून वं, झालं का तुह्यं?' मी म्हटलं, 'दिसायला लागलं, मामा. भरवसा ठेवायला वेळ आहे.'

इथल्या बारीकसारीक गोष्टी लिहून ठेवते, पुढे लागतील. फाइल रूट आणि डायलआउट गटाची असते, म्हणून वापरकर्त्याला डायलआउट गटात टाकून पुन्हा लॉगिन करायचं. दर वेळी सुडो नको. 'होस्ट इज डाउन' म्हणजे मॉड्यूल बंद किंवा आवाक्याबाहेर. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणजे ही जोडणी आधीच कोणीतरी धरून बसलंय, बहुधा मागे विसरलेलं दुसरं टर्मिनल. सिरीयल पोर्टच्या सेटिंगची कमांड 'एसटीटीवाय', तिने लॅपटॉपवर वेग बदलला तरी मॉड्यूलच्या तारेवरचा वेग बदलत नाही, तो एटी आज्ञेने ठरवला तोच राहतो. 'एसटीटीवाय'चं खरं काम 'रॉ' आणि 'उणे इको' हे आहे. इको चालू राहिला तर लिनक्स आलेलं प्रत्येक अक्षर उलट काट्याकडे पाठवतो. आपल्या डबीत ती तार नाही म्हणून धोका नाही, पण ज्यांनी दोन्ही तारा जोडल्या आहेत त्यांनी हे आधी बंद करावं.

२० नोव्हेंबर

आज विधानसभेचं मतदान. हमाल गावाला गेलेले, गाळ्यात आम्ही दोघं-तिघंच. ओटा रिकामा. अशा शांततेत रेडिओची मोजणी करून ठेवावी म्हणून लॅपटॉप घेऊन बसले.

जोडणी चालू असताना 'एचसीआयटूल आरएसएसआय' आणि पत्ता दिला की एक आकडा मिळतो. क्लासिक ब्लूटूथमध्ये हा आकडा डीबीएममध्ये नसतो. सिग्नल चांगल्या पट्ट्यात असेल तर शून्य, त्याखाली गेला तर ऋण. म्हणून शून्य दिसलं तर घाबरायचं नाही, ते उत्तमच. आज गादीपासून ओट्याच्या टोकापर्यंत सगळीकडे शून्य.

२१ नोव्हेंबर

आणि आज सकाळी उणे तेरा. त्याच जागी, तीच डबी. फरक एवढाच की काटा आणि गादीच्या मधे संत्र्यांच्या कॅरेटची छातीएवढी भिंत उभी होती. ओळी थांबत थांबत येत होत्या, एकदा जोडणी सरळ तुटली.

संत्र्यात पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर पाणी असतं. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ, आणि या लहरी पाणी चांगल्या शोषून घेतं. एचसी-०५ क्लास २ चं, ताकद अडीच मिलीवॉट. मोकळ्या जागेत त्याला दहा मीटर मिळतात, फळांच्या थप्पीतून नाही. माणसाचं शरीरही तसंच अडवतं. मापारी डबीसमोर उभा राहिला की आकडा लगेच खाली जातो.

उपाय ताकदीचा नाही, उंचीचा केला. काट्याच्या डिस्प्लेचा खांब आहे, त्याच्या वरच्या टोकाला डबी बांधली. पोर्टपासून तिथपर्यंत छोटी सिरीयल केबल. मॉड्यूलची अँटेना म्हणजे पाटीच्या कडेची नागमोडी रेघ. ती रेघ लोखंडी खांबापासून लांब, बाहेरच्या बाजूला ठेवली. लॅपटॉपकडे ब्लूटूथचा यूएसबी डाँगल लावून तो एक्स्टेन्शन केबलने गादीमागच्या कपाटावर चढवला. यूएसबी ३ च्या पोर्टाजवळ २.४ गिगाहर्ट्झचा गोंगाट असतो, म्हणूनही डाँगल लांब असलेला बरा. आता थप्पी मधे असताना उणे दोन-तीन, आणि ओळी सलग.

शेजारच्या वायफायचा जाच होईल असं वाटलं होतं, तसा झाला नाही. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलतं, ७९ चॅनेलांवरून उड्या मारतं आणि जिथे वायफाय बसलेलं दिसेल ती चॅनेल टाळतं. ही टाळण्याची सोय २००३ च्या १.२ आवृत्तीपासून आहे, एचसी-०५ तर २.० चं. फक्त लॅपटॉपचं स्वतःचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं.

२४ नोव्हेंबर

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

ओळी येतायत म्हणून स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आकडा दाखवणारी छोटी बॅश स्क्रिप्ट लिहिली होती. शेवटची 'एसटी' ओळ घ्यायची, वजन दाखवायचं. मग मुद्दाम त्रास देऊन पाहिला. काट्यावर २२.४५ चं कॅरेट असताना डबीची पॉवरची वायर उपटली. स्क्रीनवर २२.४५. कॅरेट उचललं, दुसरं ठेवलं, काट्यावर १९.८०. स्क्रीनवर अजून २२.४५. हे वीस सेकंद तसंच राहिलं, मग कुठे जोडणी तुटल्याचं लिनक्सला कळलं.

वीस सेकंद कुठून आले? ब्लूटूथमध्ये लिंक सुपरव्हिजन टाइमआउट असतो. समोरून काहीच ऐकू आलं नाही तर इतका वेळ वाट पाहून मग लिंक मेली असं धरायचं. त्याचं मूळ मूल्य ३२००० स्लॉट, एक स्लॉट ०.६२५ मिलिसेकंद, म्हणजे बरोबर वीस सेकंद. हेडफोनसाठी ही मुदत सोयीची असेल. वजनासाठी ती घातक आहे. त्या वीस सेकंदांत एक कॅरेट उतरतं आणि दुसरं चढतं, आणि स्क्रीनवरचा आकडा पाहून लिहिलेली पट्टी चुकीची ठरते. गोंगाटात चुकीचं ऐकलं तर निदान शंका तरी येते. स्क्रीनवर ठळक आकडा दिसला की कोणीच शंका घेत नाही. ज्या चुका काढायला हे सगळं मांडलं, त्यांहून मोठी चूक आपल्या हातून बाजारात जाईल. शिळं वजन दाखवण्यापेक्षा स्क्रीन कोरी राहिलेली चालेल, हे या प्रकल्पाचं मुख्य कलम म्हणून वहीत लिहिलं.

दोन ठिकाणी बंदोबस्त केला. पहिला, 'एचसीआयटूल एलएसटी'ने ही मुदत ३२०० स्लॉटवर म्हणजे दोन सेकंदांवर आणली. जोडणी लॅपटॉपने सुरू केली, तो मास्टर, म्हणून त्याला हे बदलता येतं. पण हे प्रत्येक जोडणीनंतर नव्याने द्यावं लागतं, म्हणून एवढ्यावर विसंबायचं नाही. दुसरा, स्क्रिप्टमध्ये 'रीड उणे टी २'. दोन सेकंदांत ओळ आली नाही तर वजनाच्या जागी मोठ्या आडव्या रेघा. 'रीड' वेळ संपून परतला तर त्याचा स्टेटस १२८ हून मोठा असतो, जोडणी संपून परतला तर १. पहिल्यात नुसत्या रेघा दाखवायच्या, दुसऱ्यात फाइल बंद करून पुन्हा उघडायची.

पुन्हा वायर उपटली. दोन सेकंदांत रेघा. वायर लावली, थोड्या वेळात आकडा परत.

२५ नोव्हेंबर

कालचा उपाय पुरत नाही.

आज डबी ओल्या गोणपाटात गुंडाळून सिग्नल मुद्दाम मारला. जोडणी तुटली नाही, नुसती अडखळली. दीड सेकंद काही नाही, मग एकदम ओळींचा लोंढा. ब्लूटूथमध्ये हवेत हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जातं, त्यामुळे अक्षरं सहसा बिघडत नाहीत. बिघडतो तो वेळ. मॉड्यूलच्या बफरमध्ये साचलेल्या जुन्या ओळी नंतर येतात, आणि आल्या त्या क्षणाची वेळ लावली की त्या ताज्या दिसतात. म्हणजे 'आत्ता आली' आणि 'आत्ताचं वजन आहे' या वेगळ्या गोष्टी आहेत. बफर भरून वाहिला तर मधली अक्षरं गळतात आणि दोन ओळींचे तुकडे जुळून तिसराच आकडा तयार होऊ शकतो. हे शेवटचं मला सगळ्यात भीतीदायक वाटलं.

आता नियम असे आहेत. ओळीची लांबी बरोबर अठरा, सुरुवात 'एसटी', शेवट 'केजी', मधला आकडा ठरलेल्या साच्यातला. यातलं काही चुकलं की ओळ फेकायची. अर्ध्या सेकंदाहून मोठा खंड पडला की पुढचा एक पूर्ण सेकंद जे येईल ते फेकायचं, कारण त्यात साचलेल्या जुन्या ओळी असतात. आणि लागोपाठ पाच ओळी त्यांच्या नेहमीच्या अंतराने, एकच वजन सांगत आल्या तरच आकडा हिरवा. तोपर्यंत राखाडी. मुनीमकाकांना एवढंच सांगितलं आहे: हिरवा लिहा, राखाडी लिहू नका, रेघा आल्या तर काट्यावरचा डिस्प्ले पाहा.

२७ नोव्हेंबर

लॅपटॉप सुरू झाला की सगळं आपोआप उभं राहावं म्हणून सिस्टमडीची (लिनक्स सुरू होताना प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस. जुन्या लेखांत आरएफकॉम डॉट कॉन्फ नावाची फाइल भरायला सांगतात. ब्लूझेड ५ मध्ये (ब्लूझेड म्हणजे लिनक्सचं ब्लूटूथ सॉफ्टवेअर) ती वाचलीच जात नाही. त्याऐवजी वनशॉट (एकदाच चालून संपणाऱ्या) प्रकारची सर्व्हिस, ब्लूटूथच्या सर्व्हिसनंतर चालणारी, सुरू होताना बाइंड, थांबताना रिलीज, आणि 'रिमेन आफ्टर एक्झिट' होय. रीस्टार्ट करून पाहिलं, चालतं.

आरएफकॉम, एसडीपीटूल, एचसीआयटूल ही अवजारं ब्लूझेडने २०१७ सालीच कालबाह्य यादीत टाकली आहेत. डेबियन १२ मध्ये ती अजून मिळतात, पुढे कधीतरी मिळणार नाहीत. म्हणून वाचणारा भाग पायथनमध्ये पुन्हा लिहून ठेवला. पायथनच्या स्वतःच्या सॉकेट मॉड्यूलमध्ये ब्लूटूथ कुटुंब आणि आरएफकॉम प्रोटोकॉल आहेत, वेगळं काही बसवावं लागत नाही. पत्ता आणि चॅनेल देऊन थेट जोडायचं, टाइमआउट दोन सेकंद. डिव्हाइस फाइल नाही, बाइंड नाही, इकोची भानगड नाही. गाळ्यात आता हाच चालवते. तपासणीला मात्र अजून बाइंड आणि कॅटच. काय बिघडलं हे पाहायला त्याहून सोपं काही नाही. त्यानेही उलगडलं नाही तर 'बीटीमॉन' लावायचा, तो रेडिओशी चाललेलं सगळं बोलणं दाखवतो.

१ डिसेंबर

डबी पॉवर बँकेवर चालवून पाहिली, थोड्या वेळाने पॉवर बँक आपोआप बंद. मॉड्यूल इतका कमी करंट घेतं की पॉवर बँकेला वाटतं फोन चार्ज झाला. दुसरी आणून पाहायच्या भानगडीत न पडता एक १८६५० सेल, संरक्षणासह चार्जिंगची पट्टी आणि पाच व्होल्टचा बूस्ट मॉड्यूल डबीतच बसवला. रात्री चार्जिंगला लावायची, सकाळी खांबावर.

५ डिसेंबर

काटोलकडच्या एका शेतकऱ्याने आज तेच विचारलं ज्याची वाट पाहत होते. 'ताई, हे कॉम्प्युटरवाले आतून वजन कमी करू शकतात का?' डबी उतरवून उघडली. ही काट्यातून येणारी तार, ही जमीन, आणि परत जायची पिन ही बघा, मोकळी. त्यांनी डोळ्याजवळ नेऊन पाहिली, पारदर्शक झाकण लावा म्हणाले. चांगली सूचना आहे. लावलं.

पुढचा प्रश्न त्यांच्याबरोबरच्या मुलाचा, आणि तोही बरोबर: दुसऱ्या कोणाचा फोन या डबीला जोडला तर? एचसी-०५ एका वेळी एकच जोडणी घेतं, आणि दिवसभर ती लॅपटॉपकडे असते. पिनही मूळचा नाही. पण चार अंकी पिन ही जुन्या पद्धतीची राखण आहे, फार भक्कम नाही. घुसलेल्या माणसाला फार तर वजनं वाचता येतील, आणि ती तर आपण स्क्रीनवर सगळ्यांना दाखवतोच. काट्याला किंवा स्क्रीनला काही लिहिता येणार नाही. एवढ्यावर मी समाधानी आहे.

८ डिसेंबर

मामा दुसऱ्या काट्यालाही डबी मागतायत. तो काटा वेगळ्या कंपनीचा, ओळीची लांबी वेगळी आणि स्थिर-अस्थिर सांगणारं अक्षर शेवटी येतं. साचा कॉन्फिग फाइलमध्ये काढावा लागेल, प्रत्येक काट्यासाठी पत्ता, चॅनेल, लांबी आणि स्थिरतेची खूण. स्क्रीन अर्धी-अर्धी वाटायची की दुसरी घ्यायची, हे मुनीमकाका ठरवतील, कारण लिहिणार ते आहेत. मॉड्यूल घेताना ब्लूटूथ ४ चे, नुसते लो एनर्जीवाले एचएम-१० सारखे घ्यायचे नाहीत. दिसायला सारखे असतात, पण त्यात सिरीयल पोर्ट प्रोफाइलच नसतो, आणि आरएफकॉम त्यांच्याशी बोलू शकत नाही. मृग बहार यायच्या आत दुसरी डबी खांबावर चढवायची आहे. पार्ट आणायला बर्डीला मंगळवारी जाईन.